४९८ आणि ४९८-अ : एका अक्षरासाठी १२३ वर्षे

आजचा धागा एका आकड्याविषयी आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

भारतीय दंडविधान १८६० साली संमत झाले. त्याच्या विसाव्या प्रकरणात विवाहविषयक गुन्हे होते आणि त्या प्रकरणातले शेवटचे कलम ४९८. परक्याच्या पत्नीला अनैतिक संबंधांच्या हेतूने फूस लावून नेणे, लपवून ठेवणे किंवा अडकवून ठेवणे हा या कलमाखाली गुन्हा होता. त्याची फिर्याद कोणी करायची? पतीने, आणि तो गावात नसेल तर त्याच्या वतीने तिचा सांभाळ करणाऱ्याने. बाईचे स्वतःचे म्हणणे काय, हे विचारण्याची सोय त्या कलमात कुठेच नव्हती.

याच कलमाला खेटून १९८३ साली एक नवे कलम आले : ४९८-अ. पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहित स्त्रीला क्रूरपणे वागवले तर तीन वर्षांपर्यंत कारावास. आकडा तोच, पुढे फक्त एक अक्षर वाढले. पण त्या अक्षराने आरोपीची जागा बदलली. जुने कलम घराबाहेरच्या माणसाकडे संशयाने पाहत होते. नवे कलम पहिल्यांदाच घराच्या आत पाहू लागले. या १२३ वर्षांत घरातला छळ कोणी, कसा ओळखला, आणि छळातून बाहेर पडणाऱ्या बाईला दार उघडणाऱ्याकडे कायदा कोणत्या नजरेने पाहत होता, हा आजचा विषय.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘कौटुंबिक हिंसाचार’ हा शब्द नवा असला तरी त्यामागचा अनुभव मराठीला कधीच अनोळखी नव्हता. सासुरवास, जाच, छळ, गांजणूक, ‘टाकलेली बाई’ हे सगळे शब्द कायद्यापेक्षा जुने आहेत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुढाकार घेऊन जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्यात सासरचा त्रास हा वारंवार येणारा विषय आहे. दळताना पुरुष जवळ नसत, जात्याच्या घरघरीत आवाज लपत असे. तेथे बायका जे गात होत्या ते न्यायालयात पुरावा म्हणून कोणी मांडले नाही. इतिहासकाराने मात्र तो पुरावा मानायला हवा, असे माझे मत आहे.

आता १८७६ सालाकडे या. या वर्षी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ ही निवाड्यांची मालिका सुरू झाली. तिच्या मुंबई विभागाच्या पहिल्याच खंडात दोन निकाल आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचले तर अंगावर काटा येतो.

पहिला खटला यमुनाबाई आणि नारायण मोरेश्वर पेंडसे यांच्यातला. पत्नीने नांदायला यावे यासाठी पती दावा लावतो तेव्हा ‘क्रूरता’ या बचावाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की या बाबतीत हिंदू कायदा इंग्लंडच्या कायद्याहून फारसा वेगळा असणार नाही : शरीराला किंवा जिवाला धोका पोहोचेल अशी प्रत्यक्ष मारहाण हवी, किंवा तशी मारहाण होईल ही रास्त भीती तरी हवी. म्हणजे उपाशी ठेवणे, कोंडून ठेवणे, रोजचा अपमान, माहेरी जाऊ न देणे यांपैकी काहीही या मापात सहज बसत नव्हते. ओव्यांमध्ये ज्याला जाच म्हणत, त्याचा मोठा भाग कायद्याच्या लेखी जाच नव्हताच.

दुसरा खटला शंभू राघू याचा. महाराष्ट्रातल्या अनेक जातींमध्ये काडीमोड, सोडचिठ्ठी आणि त्यानंतर पाट लावणे ही रीत होती. आर्थर स्टील याने १८२७ साली दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचे जे संकलन प्रसिद्ध केले, त्यातही पाटाची आणि सोडचिठ्ठीची नोंद सापडते. शंभू राघूच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की विवाह रद्द करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मान्य करणार नाहीत. जातीने परवानगी दिली असे प्रामाणिकपणे वाटत होते, हा बचावही द्विविवाहाच्या आरोपात चालणार नाही.

जातपंचायतीचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. तेथे निवाडा पुरुषच देत, दंड आणि लग्नखर्चाची परतफेड बापाला कर्जात बुडवू शकत असे, आणि ब्राह्मण बाईला तर तोही मार्ग नव्हता. तरी एक अडचणीचे का होईना, दार होते. एकाच वर्षात क्रूरतेची व्याख्या अरुंद झाली आणि हे दारही कायद्याच्या बाजूने बंद झाले. ‘इंग्रजांनी स्त्रियांना न्याय दिला’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हा पहिला खंड एकदा चाळावा.

थोडे कोकणाकडे वळतो, कारण हा धागा लिहिताना माझ्यासमोर माझा वैभववाडी तालुका आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. या साऱ्या पट्ट्याची ओळख म्हणजे मुंबईचा चाकरमानी. पुरुष गिरणीत किंवा गोदीत, बाई गावी सासू-सासऱ्यांपाशी, आणि दोघांमध्ये मनिऑर्डर. २०११ च्या जनगणनेतही दर १००० पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या, त्यामागे हाच इतिहास आहे.

अशा घरात छळाचे रूप वेगळे असते. हात उगारणारा घोव वर्षाचे दहा-अकरा महिने घरात नसतोच. असतो तो पैशाचा, धान्याच्या कणगीचा आणि परवानगीचा ताबा. मनिऑर्डर सासऱ्याच्या नावाने येते. बाईला लिहिता-वाचता येत नसेल तर पत्र पोस्टमनकडून किंवा शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यायचे. म्हणजे नवऱ्याला सांगायचे दुःख आधी अर्ध्या वाडीला सांगायचे. मुंबईत त्याने दुसरा संसार मांडला तर पैसे येणे हळूहळू थांबते, आणि त्याचा दोषही हिच्याच माथी येतो. माहेरवाशीण म्हणून ती गणपतीला घरी येते तेव्हा आईला हाडे दिसतात. १८७६ च्या मापाने यात ‘क्रूरता’ कोठे होती? दाखवायला एक वळही नाही.

पुढचा खटला बहुतेकांना ठाऊक असेल, पण तो ज्या कोनातून सांगितला जातो तो मला अपुरा वाटतो. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिल्या, शिकल्या. दादाजींनी १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला : जिने कधी सहवासाला संमतीच दिली नाही, तिला बळाने पाठवणे त्यांना मान्य नव्हते. अपिलात हा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला की रखमाबाईंनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली २००० रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी दीर्घ काळ काम केले.

हे आपण धैर्याची कथा म्हणून वाचतो, आणि ती आहेच. पण दादाजींच्या बाजूचा युक्तिवाद नीट पाहा. त्यांचे म्हणणे असे की रखमाबाई स्वतःच्या बुद्धीने बोलत नाहीत, आई आणि आजोबा मालमत्तेच्या लोभाने त्यांना अडकवून ठेवत आहेत. आठवले का काही? हे कलम ४९८ च्याच वळणाचे बोलणे आहे. बाईला स्वतःचा निर्णय असू शकतो हेच मान्य नसल्याने, तिला आसरा देणारा हाच खरा गुन्हेगार ठरतो. हिंदू गृहसंस्था आता कोसळणार, अशी ओरड ‘केसरी’सारख्या पत्रांतून झाली. पण रखमाबाईंमागे आजोबांचे घर, शिकलेले सावत्र वडील आणि बचावासाठी उभी राहिलेली समिती होती. हे नसते तर १८८४ सालची नोटीस हीच कथेची अखेर ठरली असती. किती जणींच्या बाबतीत ठरली असेल, हे कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

याच काळातले दुसरे नाव आनंदीबाई जोशी. गोपाळराव तिला अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमल्याबद्दल मारत, ही आठवण आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते, जणू तो शिक्षणावरच्या प्रेमाचा अतिरेक होता. पण अमेरिकेतून तिने नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात दहाव्या वर्षी लाकडाने खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून देण्याच्या धमक्या, चौदाव्या वर्षीच्या चित्रविचित्र शिक्षा यांचा हिशेब आहे. तिचे म्हणणे असे की हे वागणे चांगले होते की वाईट, हे ठरवणे कठीण आहे. परिणाम पाहिला तर बरोबर वाटते, पण मुलीचे वय, शरीर आणि मन पाहिले तर चूक. काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली आनंदीबाईंचे चरित्र लिहून या आयुष्याची आतली बाजू मराठी वाचकांपुढे आणली.

त्या पत्रातला संकोच मला सर्वात महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. परदेशात, डॉक्टरकीच्या उंबरठ्यावर असलेली, वयाच्या मानाने विलक्षण स्पष्ट विचार करणारी स्त्री ‘हा छळ होता’ असे एका वाक्यात लिहू शकत नाही. मारणाऱ्याचे उपकार आणि त्याचा मार एकाच हिशेबात मांडते. आज समुपदेशकाकडे येणारी बाई ‘तसे ते चांगले आहेत’ अशी सुरुवात करते तेव्हा ती खोटे बोलत नसते. तिच्या हिशेबाची वही तशीच असते.

यापुढची साठ-सत्तर वर्षे भराभर ओलांडतो. नांदायला न जाणाऱ्या पत्नीला कैद करण्याची तरतूद १९२३ साली गेली. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने क्रूरतेच्या कारणावरून हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येऊ लागली. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये द्विभार्या प्रतिबंधक आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोट कायदा केला, देशाच्या आधी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरता हे न्यायिक विभक्ततेचे कारण होते, घटस्फोटाचे कारण व्हायला १९७६ उजाडले. हे सगळे दिवाणी उपाय. दंडविधानात मारहाण हा गुन्हा अर्थातच होता, पण चौकीवर गेलेल्या बाईला ‘घरचे भांडण घरी मिटवा’ हे वाक्य ऐकावे लागे.

मग १९८० चे दशक आले. पुण्यात जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे म्हणून हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही शिकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात दुसरे काही दिसते : मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे. सासरची घुसमट त्यांत होती. ती पत्रे पुरावा म्हणून ग्राह्य आहेत का, आणि असली तर त्यांतून काय सिद्ध होते, यावर न्यायालयात प्रदीर्घ खल झाला. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि मिळायलाच हवा. पण पुण्यातल्या स्त्रियांनी वेगळा प्रश्न विचारला : पत्रे हाती येत होती तेव्हा आपण, म्हणजे आजूबाजूचे सगळे, काय करत होतो?

विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. ठिकठिकाणी बायका आपापली कहाणी सांगू लागल्या, आणि त्यातून ‘बोलते व्हा’ हे केंद्र उभे राहिले. नावातच सगळे आले. मुंबईत फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी १९८४ साली आपल्या वैवाहिक आयुष्यातल्या मारहाणीची हकीकत स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केली. पुढे त्या वकील झाल्या. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसेल, ही कल्पना साधी वाटते, पण ‘घरी मिटवा’ या वाक्याला तिने जागेवर उत्तर दिले. हा कक्ष नंतर राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचला. देशभरच्या अशाच आंदोलनांच्या दबावातून १९८३ साली ४९८-अ आले होते, आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४-ब.

येथे हमखास येणारी प्रतिक्रिया ठाऊक आहे : ‘गैरवापराचे काय?’ खोट्या तक्रारी होतात, अटकेच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पोलिसांना मर्यादाही घालून दिल्या. त्यावर वेगळा धागा होऊ शकेल. एवढेच सांगतो की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के होत्या, आणि त्यांतही बहुतेकींनी मदत मागितली ती माहेरच्यांकडे.

अर्थात, ४९८-अ नंतरही एक अडचण उरली होती. फौजदारी कलम नवऱ्याला शिक्षा देते. पण आज रात्री बाईने झोपायचे कुठे? याचे उत्तर कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असो, राहत्या घरातून तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही.

या कायद्याच्या नियमांना जोडलेला पहिला नमुना म्हणजे ‘कौटुंबिक घटना अहवाल’. तो मिळवून वाचा. मारहाण आणि लैंगिक छळ तर त्यात आहेतच. पुढे यादी लांबत जाते : चारित्र्यावर संशय घेणे, हुंडा आणला नाही म्हणून किंवा मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, घराबाहेर पडू न देणे, ठरावीक माणसाला भेटू न देणे, आत्महत्येची धमकी देणे. आर्थिक छळाच्या रकान्यात खर्चाला पैसे न देणे, अन्न, कपडे, औषधे न देणे, नोकरी करू न देणे, पगार काढून घेणे, न विचारता स्त्रीधन विकणे किंवा गहाण टाकणे. जात्यावरच्या ओव्यांतला जाच सरकारी नमुन्यात उतरायला इतका काळ लागला. थांबलेल्या मनिऑर्डरलाही आता नाव मिळाले.

आसरा देणाऱ्याचे काय झाले, ते सांगतो. याच कायद्याचे कलम ४ म्हणते की हिंसाचार घडतो आहे असे मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही. शेजारी, शिक्षिका, आशाताई, भाऊ, कोणीही. कलम २७ नुसार बाई तात्पुरती जेथे राहते आहे तेथल्या न्यायालयातही अर्ज करू शकते. ४९८-अ बाबतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात तेच म्हटले : सासर सोडून जेथे आसरा घेतला, तेथे तक्रार करता येईल. मुंबई किंवा पुण्याहून वैभववाडीत माहेरी आलेल्या मुलीला हेलपाटे मारत तिकडच्या पोलीस ठाण्यात जाण्याची सक्ती नाही. माहेरच्या पत्त्याला कायद्यात असे स्थान १८७६ मध्ये कल्पनेतही नव्हते.

तुमच्यापैकी कोणाला मैत्रीण, बहीण, वहिनी असे काही सांगत असेल तर तिला ‘मग इतके दिवस का राहिलीस?’ हा प्रश्न विचारू नका; आनंदीबाईंचे पत्र आठवा. ऐकून घ्या, ती म्हणेल त्या वेगाने चला, तिला न विचारता तिच्या नवऱ्याशी बोलायला जाऊ नका, कारण त्यानंतरची रात्र तिला त्याच घरात काढायची असते. आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले, औषधोपचाराचे कागद, दागिन्यांच्या पावत्या यांच्या प्रती विश्वासाच्या ठिकाणी ठेवायला मदत करा. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे, तातडीला ११२. जिल्ह्याला संरक्षण अधिकारी असतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील कोणत्याही स्त्रीला विनामूल्य मिळतो, उत्पन्न कितीही असले तरी.

जाता जाता आकड्याविषयी. १ जुलै २०२४ पासून दंडविधान गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. ४९८-अ आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्याच्या आधीचे कलम ८४ उघडून पाहिलेत तर तेथे काय आहे? परक्याच्या पत्नीला फूस लावून नेणे, लपवून ठेवणे किंवा अडकवून ठेवणे. १८६० चे कलम ४९८, नव्या आकड्यासह, अजून शेजारीच बसले आहे.